बारा फुटांचें घर आणि त्यांतील उजेड

पुण्याच्या कसबा, शनिवार, बुधवार, सदाशिव इत्यादि जुन्या पेठांतून जो कोणी भर दुपारीं फिरेल त्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळल्यावांचून राहणार नाहीं. डोक्यावर लखलखीत ऊन असतें, समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहवत नाहीं. परंतु एकाद्या उंबरठ्याच्या आंत पाऊल टाकावें तों तेथें विजेचा दिवा जळत असतो. हा दिवा लावणारीं माणसें उधळीं आहेत असें नव्हे. दिव्यावांचून तेथें तांदूळ निवडतां येत नाहींत, मुलास धडा वाचतां येत नाहीं, आणि म्हाताऱ्या माणसास जिन्याची पायरी दिसत नाहीं. अशा घरांतून पुष्कळ कुटुंबें उपनगरांकडे निघून गेलीं. जीं राहिलीं त्यांच्यापुढें प्रश्न असा कीं, वाडवडिलांची जागा तर सोडवत नाहीं, पण तिच्यांत दिवसाचा उजेड आणावा कसा? हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांस भूमितीच्या उदाहरणाइतकाच मनोरंजक वाटेल आणि पालकवर्गास कदाचित् उपयोगीही पडेल, म्हणून त्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मूळचा वाडा अंधारी नव्हता, हें प्रथम सांगितलें पाहिजे. वाड्याच्या मध्यभागीं चौक असे. चौकाभोंवतीं खांबांची पडवी, आणि तिच्या मागें माजघर, स्वयंपाकघर, कोठी. रस्त्याकडील भिंतीस खिडक्या थोड्या, कारण बंदोबस्ताचा विचार आधीं. परंतु ती उणीव चौक भरून काढी. इ. स. १८०७ च्या सुमारास दुसऱ्या बाजीरावानें बांधविलेला विश्रामबाग वाडा आजही उभा आहे. त्याच्या चौकांत उभें राहून सभोंवार दृष्टि फिरविली म्हणजे घराच्या पोटांत आकाश कसें आणून ठेविलें होतें हें कळून येतें. पुढें भाऊबंदांच्या वांटण्या झाल्या. एका वाड्याचे चार उभे पट्टे झाले, आणि ज्याच्या वांट्यास चौकाचा जो तुकडा आला त्यानें तो पत्र्यानें झांकून तेथें खोली केली. तिला बिचाऱ्याला जागा हवी होती. दोष देण्यांत अर्थ नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून आलेल्या पुरांत नदीकांठच्या पेठांतील कित्येक वाडे पडले, व त्यांच्या जागीं नव्या रीतीच्या उंच इमारती उठल्या. एवंच, एका बाजूस झांकलेला चौक व दुसऱ्या बाजूस शेजारची उंच भिंत, यांच्या कात्रींत जुनें घर सांपडलें.

आतां उजेडाचा स्वभाव पाहूं. खिडकींतून येणारा उजेड खोलींत किती आंतवर शिरतो, याविषयीं बांधकाम करणाऱ्यांचा एक ढोबळ नियम आहे. खिडकीचा वरचा कांठ जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दुप्पट किंवा फार तर अडीचपट अंतरापर्यंतच उपयोगी उजेड पोंचतो. वरचा कांठ ७ फुटांवर असेल तर १४ ते १७ फूट. त्यापलीकडे काळोखाचें राज्य. यावरून हेंही दिसून येतें कीं, खिडकी रुंद करण्यापेक्षां तिचा माथा छताच्या जवळ नेणें अधिक फलदायी आहे. पण हा हिशेब खिडकीपुढें मोकळें आकाश असेल तेव्हांचा. समोर आठ फुटांच्या बोळापलीकडे तीन मजली भिंत उभी असेल, तर खिडकी किती का मोठी असेना, तिला आकाश दिसत नाहीं, तिला दिसते भिंत. आणि भिंतीजवळ स्वतःचा उजेड कोठून असणार?

अशा वेळीं वर पाहावें लागतें. पूर्ण ढगाळलेल्या दिवशीं ठीक डोक्यावरचें आकाश क्षितिजालगतच्या आकाशापेक्षां सुमारें तिप्पट तेजस्वी असतें, असें प्रकाशशास्त्रज्ञ धरून चालतात. शिवाय भिंतीच्या खिडकीस शेजारी आडवा येतो, पण छपराच्या झरोक्यास सहसा कोणी आडवा येत नाहीं. म्हणून अरुंद जागेंत हातभर झरोका वावभर खिडकीचें काम करतो. अर्थात् उन्हाळ्यांत हाच झरोका ऊनही आंत ओततो, हें विसरून चालणार नाहीं. त्याची सोय पुढें सांगूं.

चौकाचें गणित तर आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं स्वतः करून पाहण्याजोगें आहे. पुण्याचे अक्षांश सुमारें साडेअठरा. २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीं सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. मार्च व सप्टेंबर महिन्यांतील समान दिवसरात्रीच्या वेळीं तो साडेएकाहत्तर अंशांवर चढतो. आणि मेच्या मध्याच्या सुमारास व पुन्हां जुलैअखेर तो अगदीं माथ्यावर येतो. आतां दक्षिणोत्तर १० फूट रुंदीचा चौक घ्या व त्याच्या भोंवतीं दोन मजल्यांच्या, म्हणजे २० फूट उंच भिंती कल्पा. डिसेंबरांत दक्षिणेकडील भिंतीच्या माथ्यावरून येणारा किरण समोरच्या भिंतीवर ११ फूट खालीं उतरतो. म्हणजे वरचा मजला उन्हांत न्हातो आणि खालच्या मजल्याच्या कपाळावर फक्त एक तिरीप पडते. मार्चमध्यें तोच किरण जमिनीपर्यंत येऊन ३ फूट फरशी उजळतो. आतां याच भिंती ४० फूट उंच करा. डिसेंबरचें ऊन तेंच ११ फूट, पण तें आतां चौथ्या मजल्यावर संपतें. मार्चचें ऊनही जमिनीपासून १० फुटांवर थांबतें. चौक तितकाच आहे, त्याचें नांवही चौकच आहे, पण तळमजल्याला तो विहिरीसारखा झाला. उंची वाढविणारानें कोणाचीही जागा घेतलेली नसते. त्यानें घेतलेला असतो तो केवळ कोन.

ही अडचण आपल्याच देशाची आहे असें नाहीं. दाटीच्या जुन्या शहरांत राहणाऱ्या लोकांस ती सर्वत्र भोगावी लागली, आणि कांहीं कल्पक पुरुषांनीं तिच्यावर तोडही काढली. लंडन शहरांत लिंकन्स इन फील्ड्स नांवाच्या चौकावर सर जॉन सोन या स्थापत्यविशारदानें आपलें राहतें घर बांधिलें. त्यांतील न्याहारीची खोली १८१२-१३ मधली. खोली लहान, आणि घराच्या ऐन मध्यांत. सोन यानें तिच्यावर एक उथळ घुमट चार टेकूंवर छत्रीसारखा धरिला, घुमटाच्या माथ्यावर कांचेचा दीपमाळेजोगा मनोरा ठेविला, आणि घुमटाच्या दोन कडा भिंतींस न भिडवितां त्यांमागें फट सोडून वरून छुपा उजेड भिंतींवर सोडिला. खोलींत बसणारास उजेडाचें मूळ दिसत नाहीं. भिंतीच आपण होऊन उजळल्या आहेत असा भास होतो. त्यांत भर म्हणून फुगीर आरसे जागोजाग बसविले आहेत. त्या काळीं इंग्लंडांत खिडक्यांवर कर होता व तो १८५१ पर्यंत चालू राहिला, ही गोष्ट येथें सहज आठवते. उजेडावर पट्टी बसविणारें सरकार आपल्याकडे कोणाच्या स्वप्नांतही आलें नसेल! १८३३ सालीं पार्लमेंटानें केलेल्या कायद्यान्वयें हें घर सोन याच्या पश्चात् जनतेचें झालें, आणि १८३७ मध्यें तो वारल्यापासून तें पदार्थसंग्रहालय म्हणून राखलें आहे.

पॅरिस येथील उदाहरण याहूनही उद्बोधक आहे, आणि तें विस्तारानें सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. सीन नदीच्या डाव्या तीरावर सॅं-गियोम नांवाच्या रस्त्यास अठराव्या शतकांतील एक जुनी हवेली होती. रस्त्याकडे इमारत, मग चौक, चौकापलीकडे दुसरी इमारत, आणि तिच्यामागें बाग, अशी तिची रचना. झां दाल्झास नांवाच्या स्त्रीरोगवैद्यांस तेथें आपला दवाखाना व घर दोन्ही करावयाचीं होतीं. चौकापलीकडील इमारत पाडून नवी बांधावी असा बेत ठरला. परंतु तिच्या अगदीं वरच्या मजल्यावर एक वृद्ध बाई भाड्यानें राहत होत्या. त्यांनीं हलण्यास साफ नकार दिला, आणि कायदा त्यांच्या बाजूचा होता. आमच्याकडील घरमालक अशा प्रसंगीं काय करता हें सांगावयास नकोच. तेथें मात्र पिएर शारो या रचनाकारानें निराळाच मार्ग काढला. वरचा मजला, त्यांतील बिऱ्हाडासह, पोलादी खांबांवर तोलून धरला आणि त्याच्या खालची सारी इमारत काढून टाकली! मोकळ्या झालेल्या त्या पोकळींत, जेथें पूर्वीं दोन मजले होते तेथें, त्यानें तीन मजल्यांचें नवें घर सरकवून बसविलें. बर्नार्ड बायफूट हा डच स्थापत्यविशारद व लुई दाल्बे हा लोखंडकाम करणारा कसबी कारागीर हे त्याचे साथी. काम १९२८ मध्यें सुरू होऊन १९३२ मध्यें पुरें झालें.

आतां अडचण उजेडाची. दोन्ही बाजूंस शेजाऱ्यांच्या भिंती, डोक्यावर वृद्ध बाईंचें बिऱ्हाड. म्हणजे छपराचा झरोका अशक्य. राहिल्या फक्त दोन बाजू, चौकाची व बागेची. पॅरिसचे अक्षांश जवळजवळ ४९. डिसेंबरांत माध्यान्हींचा सूर्य १८ अंशही वर चढत नाहीं. आपण वर घेतलेल्या १० फुटांच्या चौकांत तें ऊन भिंतीवरून सव्वातीन फूटच खालीं उतरेल. तेव्हां उन्हाची आशा सोडून आकाशाचा पसरट उजेडच पकडणें भाग होतें. त्यांनीं चौकाकडील भिंत जवळजवळ सगळीच कांचेच्या विटांची केली. या विटा सुमारें ८ इंच लांबरुंद व दीड इंच जाड, बाहेरून भिंगासारख्या. त्यांतून आरपार दिसत नाहीं, म्हणून रोग्यांची व घरच्या माणसांची आडपडदा राहतो. पण उजेड मात्र फुटून सर्वत्र पसरतो. दिवाणखाना दोन मजले उंच ठेविला, त्यामुळें वर सांगितलेल्या नियमाप्रमाणें उजेडाचा माथा उंच गेला व तो आंत खोलवर पोंचला. इतक्या मोठ्या भिंतीस ह्या विटा टिकतील याची हमी देण्यास त्या करणारे कारखानदारही धजले नव्हते, असें सांगतात. रात्रीं चौकांत बाहेरच्या बाजूनें दिवे लावून हीच भिंत उजळीत, म्हणजे घरांत रात्रींही उजेड येई तो भिंतींतूनच. या घरास लोक ‘कांचेचें घर’ म्हणतात. आमच्या मतें त्यांतील खरें कौतुक कांचेचें नव्हे. वरच्या बाईंचा हक्क अबाधित ठेवून खालीं सुंदर घर होऊं शकतें, हें त्यांनीं करून दाखविलें.

जपानांतील क्योटो शहरचीं जुनीं व्यापाऱ्यांचीं घरें तर आमच्या वांटण्यांतील पट्ट्यांची सख्खीं भावंडें शोभतील. तोंड अरुंद व लांबी फार, म्हणून तेथील लोक त्यांस थट्टेनें ‘वाम माशाचें अंथरूण’ म्हणतात. त्या लांब घरांत मध्यें एक इवलीशी बाग सोडलेली असते, कधीं तर दोन चटयांएवढीच. एक दगडी दिवा, चार नेचे, आणि वर आकाश. ओसाका शहरांत १९७६ सालीं तादाओ आंदो या तेव्हां ३५ वर्षांच्या रचनाकारानें हीच कल्पना अगदीं कडक रीतीनें राबविली. एका ओळींतील तीन जुन्या लांकडी घरांपैकीं मधलें काढून त्या जागीं त्यानें कॉंक्रिटची दुमजली पेटी बसविली. जागा अवघी ५७ चौरस मीटर, म्हणजे सवासहाशें चौरस फुटांहूनही थोडी कमी. रस्त्याच्या बाजूस दारावांचून दुसरें भोंक नाहीं. घराचे लांबींत तीन सारखे भाग पाडून मधला भाग सबंध आकाशास देऊन टाकला, आणि घरांतील सर्व खिडक्या त्या मधल्या चौकाकडे उघडल्या. जागेची एवढी टंचाई असतां तिसरा हिस्सा मोकळा सोडण्यास छाती लागते. या घरास १९७९ मध्यें जपानी स्थापत्यसंस्थेचें पारितोषिक मिळालें. परंतु निजण्याच्या खोलींतून न्हाणीघरांत जावयाचें तर उघड्या चौकांतूनच जावें लागतें. पाऊस असेल तर छत्री घेऊन! यावर पुष्कळांनीं टीका केली, आणि आम्हांसही ती अगदींच अनाठायीं वाटत नाहीं. आमच्या जुन्या वाड्यांत चौक उघडा होता, पण त्याच्या कडेनें पडवी होती. आजीबाईंस देवघरांतून स्वयंपाकघरांत जातांना भिजावें लागत नसे. येथें आमचे गवंडी आंदोच्या दोन पावलें पुढें होते म्हणावयास हरकत नाहीं.

या सर्वांवरून आपल्या पेठेंतील एका पट्ट्याचें घर कागदावर मांडून पाहूं. समजा, जागा रुंदीस १२ फूट व लांबीस ४८ फूट आहे. उत्तरेस बोळ, पूर्वपश्चिमेस शेजाऱ्यांच्या भिंती, आणि दक्षिणेस परक्याच्या घराची पाठ. घर दोन मजली करावयाचें. पुढें १८ फुटांची खोली, मध्यें १० फुटांचा चौक, मागें २० फुटांत स्वयंपाक व न्हाणी. पुढची खोली बोळाकडून व चौकाकडून असा दोन्ही अंगांनीं उजेड घेईल. प्रत्येक बाजूस नऊच फूट वांट्यास येतात, तेव्हां बोळ अरुंद असला तरी निभावेल. चौकाच्या बारा फुटांपैकीं साडेचार फुटांत एका कडेनें पडवी काढावी आणि जिना त्याच पट्टींत चढवावा. जिना अंधाऱ्या कोपऱ्यांत घालण्याची आपल्याकडील चाल अगदीं घातक आहे. ज्या पायरीवर पाय घसरतो तिलाच आपण उजेड नाकारतों. पायऱ्यांच्या मधल्या उभ्या फळ्या गाळल्या तर जिन्यांतूनही उजेड पाझरतो. खुला चौक मग साडेसात फूट गुणिले दहा, म्हणजे ७५ चौरस फूट उरतो.

मागचे २० फूट हा खरा कठीण भाग. चौकाकडील दाराचा माथा ८ फुटांवर नेला तर नियमानें १६ फुटांपर्यंत उजेड जाईल. शेवटच्या चार पांच फुटांत अंधार. म्हणून न्हाणी व कोठी तेथें ठेवावी, आणि वरचा मजला मागच्या बाजूस ५ फूट आंखडता घ्यावा. असें केल्यानें न्हाणीच्या छपरास थेट आकाश मिळतें व तेथें कांचेचीं कौलें बसवितां येतात. शिवाय वरच्या मागील खोलीस दक्षिणेकडे एक खिडकी मिळते. शेजारच्या घराची पाठ फार उंच नसेल, तर हिवाळ्याचें ऊन तिच्यांतून आंत येईल. ती खोली आजारी किंवा वृद्ध माणसास द्यावी. एका आंखडत्या भिंतीनें दोन खोल्या सुधारल्या, याहून काटकसर ती कोणती?

चौकावर कांच घालून तो बंद करण्याचा मोह पुष्कळांस होतो. आमच्या हवेंत त्याचा परिणाम मे महिन्यांत भट्टीसारखा होईल. पावसासाठीं आच्छादन हवेंच असेल तर तें भिंतीच्या माथ्यापासून हात दीड हात उंच, चारही बाजूंस फट ठेवून बसवावें, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाईल आणि बोळाकडील थंड हवा तिच्या जागीं ओढली जाईल. उन्हाळ्याचे दोन महिने त्यावर तट्ट्या पसराव्या. फरशीस उतार व मोरीस जाळी हवी, हें सांगण्याची गरज नाहीं. पण ती साफ कोण ठेवणार, हें मात्र घरांत आधीं ठरवावें.

चौकाच्या भिंतींस पांढरा चुनाच द्यावा. नवी चुन्याची भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाचा सुमारें चार-पंचमांश भाग परत फेंकते. तीन भिंतींवर आपटून खालीं आलेला उजेड तरीही मूळच्या अर्ध्याएवढा शिल्लक राहतो. भिंती अर्धाच उजेड परत देणाऱ्या रंगाच्या असतील, तर तीन उड्यांनंतर आठवा हिस्सा उरेल. पिवळट निळ्या रंगांची हौस बाहेरच्या भिंतीवर फेडावी. एक मात्र खरें कीं, चुना मळतो, व दर दोन-तीन वर्षांनीं हात फिरवावा लागतो.

आतां घरांतील मंडळी विचारतील कीं, ५७६ चौरस फुटांतून ७५ फूट आकाशास दान करावे, ते कशाच्या जोरावर? तेवढ्यांत मुलाच्या अभ्यासाची खोली झाली नसती काय? झाली असती, परंतु त्या खोलीसाठीं दुसऱ्या चार खोल्या अंधारांत गेल्या असत्या, आणि अभ्यासाच्या खोलींतही दिवसां दिवाच लागला असता. हा सौदा पुष्कळ घरांनीं करून पाहिला आहे, व त्याचें फळ लेखाच्या आरंभीं सांगितलें तें.

शेजारधर्माची एक गोष्ट उरली. इ. स. १८८२ च्या सुविधाधिकारांच्या कायद्यांत असें आहे कीं, एकाद्या इमारतीस एका बाजूनें येणारा उजेड वीस वर्षें शांततेनें, अखंड व हक्क म्हणून उपभोगला गेला असेल, तर तो तिचा हक्क होतो. शेजाऱ्यानें तो मोठ्या प्रमाणांत अडविल्यास दाद मागतां येते. त्यास अटी पुष्कळ आहेत, म्हणून भिंत उठण्यापूर्वींच जाणत्या वकिलास विचारावें. त्याहूनही बरें म्हणजे, नकाशा काढण्यापूर्वीं शेजाऱ्यास घरीं बोलवावें. दोन शेजाऱ्यांनीं आपापले चौक एकमेकांस लागून ठेविले, तर साडेसात फुटांचे दोन चौक मिळून पंधरा फुटांचा एक होतो, आणि उजेड मधल्या बुटक्या भिंतीवरून दोन्ही घरांत जातो. सहा घरांनीं असें केलें तर वाड्याचा जुना चौकच परत आला म्हणावयाचा.

ज्यांस हें सारें ताडून पाहावयाचें असेल त्यांनीं जाड पुठ्ठ्याची पेटी करावी. दोन फुटांस एक इंच हें प्रमाण घेतलें म्हणजे आपलें घर ६ इंच रुंद व २४ इंच लांब होईल. उजेड लहानमोठ्या घरांत सारख्याच नियमानें वागतो, म्हणून पेटींतला अंधार हा खऱ्या घरांतल्या अंधाराचाच नमुना होय. आंतून पांढरा कागद चिकटवावा, चौकाचें भोंक कापावें, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीस डोळ्यापुरतें छिद्र पाडावें. पेटी गच्चीवर मोकळ्या आकाशाखालीं ठेवून एकदां चौक उघडा ठेवून व एकदां पुठ्ठ्यानें झांकून त्या छिद्रांतून पाहावें. नंतर शेजारच्या भिंती म्हणून दोन वह्या उभ्या कराव्या व पुन्हां पाहावें. पाहतांना डोळ्याभोंवतीं रुमाल धरावा, नाहीं तर बाहेरचा उजेड छिद्रांतून आंत शिरतो.